संधिवात, प्रतिकारशक्ती आणि स्मृतिभ्रंश: जनुकांच्या नात्याचा शोध कसा लागत गेला

आईचे सांधे आमवातानं धरलेले आणि तिच्या आईला सकाळी काय जेवलो ते संध्याकाळी आठवत नाही, अशी घरं सोलापुरात शोधायला लांब जावं लागत नाही. साखर पेठेत भेटतील, जुळे सोलापुरातही भेटतील. मग घरातली मुलगी मोबाईलवर बातमी वाचते की प्रतिकारशक्तीच्या आजारांचा आणि डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, जनुकांतून संबंध असतो, आणि धास्तावून विचारते, ‘म्हणजे आईचंही आजीसारखंच होणार का?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर बातमीच्या मथळ्यात मावणारं नाही. संशोधक या निष्कर्षापर्यंत कसे आले, वाटेत कुठे अडखळले, हे पाहिल्यावरच ते नीट कळतं.

आधी एक खुलासा. इथे संधिवात म्हणजे उतारवयात गुडघे झिजतात तो नव्हे. ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ज्याला आपल्याकडे आमवातही म्हणतात, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सोरायसिस, आतड्यांचा क्रोन्स आजार, लहानपणापासून इन्सुलिन घ्यायला लावणारा टाइप १ मधुमेह ही याच कुळातली मंडळी. घरोघरी दिसणारी, चाळिशीनंतरची ‘शुगर’ यात येत नाही.

स्मृतिभ्रंशाचा धागा ३ नोव्हेंबर १९०६ पर्यंत मागे जातो. त्या दिवशी जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथे डॉ. आलोइस अल्झायमर यांनी आपल्या एका रुग्ण बाईची हकिगत मांडली. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात १९०१ मध्ये दाखल झाली तेव्हा ती ५१ वर्षांची होती. तिच्या मृत्यूनंतर मेंदूत त्यांना पेशींबाहेरचे साके आणि पेशींच्या आतले तंतूंचे गुंते दिसले. चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींमधले बदलही त्यांनी टिपले होते, पण ती नोंद मागे पडली. पुढे १९१९ मध्ये स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी मेंदूतल्या संरक्षक पेशी वेगळ्या ओळखून त्यांना मायक्रोग्लिया हे नाव दिलं. तरीही या पेशी म्हणजे पडझड झाल्यावर राडारोडा उचलणारे कामगार, एवढंच त्यांचं स्थान बरीच दशकं राहिलं. पडझडीत त्यांचा हात असेल, असं फारसं कुणाच्या मनात आलं नाही.

ही समजूत हलवण्यात पॅट्रिक आणि एडिथ मॅकगीर या कॅनडातल्या संशोधक दांपत्याचा मोठा वाटा आहे. अल्झायमरच्या, म्हणजे त्या डॉक्टरांच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या, रुग्णांच्या मेंदूतल्या मायक्रोग्लियांवर एचएलए-डीआर नावाचं प्रथिन ठळकपणे दिसतं, हे त्यांच्या गटानं १९८०च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं. हे प्रथिन म्हणजे प्रतिकारशक्ती कामाला लागल्याची खूण. १९९० मध्ये त्यांनी आणखी चकित करणारं निरीक्षण मांडलं: ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांमध्ये अल्झायमर अपेक्षेपेक्षा बराच कमी आढळतो. कुष्ठरोगासाठी डॅप्सोन घेणाऱ्या जपानी रुग्णांतही त्यांना असाच कल दिसला.

यातून निघालेला अर्थ सोपा आणि मोहक होता. संधिवाताचे रुग्ण वर्षानुवर्षं सूज उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्या गोळ्याच मेंदूला वाचवत असणार. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या मोठ्या पाहणीनंही २००१ मध्ये या अंदाजाला बळ दिलं. मग अमेरिकेत रीतसर चाचणी झाली. सत्तरी गाठलेले, घरात अल्झायमरचा इतिहास असलेले सुमारे अडीच हजार लोक, आणि त्यांना नॅप्रोक्सेन किंवा सेलेकॉक्सिब ही सूज उतरवणारी औषधं, नाहीतर नुसती खोटी गोळी. हृदयाला धोका होण्याच्या भीतीनं डिसेंबर २००४ मध्ये गोळ्या थांबवल्या गेल्या आणि संरक्षण मिळाल्याचं काही दिसलं नाही. मला हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो. निरीक्षणाला लावलेला अर्थ कोसळला, पण निरीक्षण तसंच उरलं. कारण गोळीत नसेल, तर रुग्णात असेल का?

त्या उत्तराची पूर्वतयारी दुसऱ्याच विभागात झालेली होती. फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये पांढऱ्या पेशींवरचा पहिला एचएलए प्रकार ओळखला. त्यासाठी त्यांना १९८० च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. अवयव जुळतो की नाही हे पाहताना तपासतात तोच हा एचएलए. त्याची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि माणसामाणसांत त्यांचे असंख्य प्रकार आढळतात. १९७३ मध्ये बी-२७ या प्रकाराचा पाठीचा कणा आखडणाऱ्या संधिवाताशी संबंध सापडला. १९७०च्याच दशकात पीटर स्टास्टनी यांनी दाखवलं, की ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांत डीआर-४ हा प्रकार जास्त दिसतो. हा डीआर-४ लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

अल्झायमरच्या बाजूला १९९३ मध्ये एपीओई-४ सापडलं. उतारवयातल्या अल्झायमरचा धोका वाढवणारं सर्वांत वजनदार जनुक अजूनही तेच. त्यानंतर बराच काळ ठोस काही हाती आलं नाही. हजारो लोकांचा संपूर्ण जनुकसंच एकदम चाळता येऊ लागला, तेव्हा २००९ पासून यादी वाढत गेली: सीआर-१, सीडी-३३, आणि २०१३ मध्ये ७४ हजारांवर लोकांच्या अभ्यासातून खुद्द एचएलएचा पट्टा. यातली बरीच नावं प्रतिकारशक्तीच्या दालनातली होती. त्याच सुमारास आइसलँडच्या आणि ब्रिटनच्या गटांनी ट्रेम-२ या जनुकातला एक दुर्मिळ बदल दाखवला, ज्यानं अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट होतो. हे जनुक मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियांमध्येच काम करतं. आणि ते नवं नव्हतं. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर तरुणपणीच हाडांत पोकळ्या आणि पाठोपाठ स्मृतिभ्रंश होतो, हे २००२ मध्ये नासू-हाकोला या आजारात कळलं होतं. शंभर वर्षांपूर्वी राडारोडा उचलणारे म्हणून बाजूला सारलेल्या पेशी अशा मध्यभागी आल्या.

प्रतिकारशक्तीच्या आजारांची आणि अल्झायमरची, अशा दोन्ही जनुक-याद्या शेजारी ठेवून पाहण्याचं काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या गटानं २०१६ मध्ये केलं. क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस, ऱ्हुमॅटॉइड संधिवात, टाइप १ मधुमेह, सिलिअॅक आणि सोरायसिस या सहा आजारांची माहिती त्यांनी अल्झायमरच्या माहितीशी ताडली. जनुकसंचात दोन्हीकडे परिणाम करणाऱ्या आठ जागा निघाल्या. त्यांतल्या दोन जागी दिशा एकच होती, म्हणजे जो बदल एक आजार वाढवतो तोच दुसराही वाढवतो: एक जागा सोरायसिससोबतची, एचएलएच्या पट्ट्यातली, दुसरी क्रोन्ससोबतची. सरसकट ‘प्रतिकारशक्तीचा आजार म्हणजे पुढे डिमेन्शिया’ असा हिशेब त्यातून निघत नव्हता. याच गटानं २०१८ मध्ये फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया तपासला, ज्यात स्मृतीआधी स्वभाव आणि भाषा बिघडते. तिथे जनुकांचा हा सामाईकपणा जास्त ठळक दिसला. या कामामागे डॉ. राहुल देसिकन होते. एएलएस या चेतापेशींच्या आजारानं ते स्वतः ग्रासले, वाचा गेली तरी शोधनिबंध लिहीत राहिले आणि २०१९ मध्ये गेले. त्यांच्या नावाचा उल्लेख टाळून हा इतिहास सांगणं मला बरोबर वाटत नाही.

मग २०२३ मध्ये डीआर-४ परतला. अनेक वंशांच्या लोकांच्या माहितीतून असं निघालं, की डीआर-४चे काही उपप्रकार ज्यांच्याकडे आहेत त्यांना अल्झायमर आणि पार्किन्सन्स होण्याची शक्यता सरासरी दहा टक्क्यांहून अधिक कमी असते. अल्झायमरच्या गुंत्यांतलं टाऊ हे प्रथिन विशिष्ट रूपात या प्रकाराला घट्ट चिकटतं, त्यामुळे प्रतिकारशक्ती ते ओळखून आवरत असावी, असा तर्क आहे. सांध्यांना त्रास देणारा वारसा मेंदूला थोडा जपतो. मॅकगीर दांपत्याला १९९० मध्ये जे दिसलं त्यामागे याचा काही भाग असेल का, हे अजून सिद्ध नाही. पण गोळीवर उभारलेल्या तर्कापेक्षा हा मला पटतो.

सोलापूरकरांनी इथे एक रास्त तक्रार करायला हवी. यातले बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. हरयाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात एपीओई-४चं प्रमाण अमेरिकेतल्या तुलनेच्या गटापेक्षा कमी निघालं होतं आणि अल्झायमरही कमी. म्हणजे तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. सोलापुरात तर तेलंगणातून मागासाठी आलेली पद्मशाली घरं, कन्नड बोलणारी लिंगायत घरं, मराठी आणि उर्दू बोलणारी घरं एकाच वॉर्डात नांदतात, पण सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या त्याच्या समाजातच होत आल्या. अशा समाजांची जनुकीय ठेवण एकमेकांपासून वेगळी पडते, हे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं भाग घेतलेल्या अभ्यासांनी दाखवलं आहे. साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, असा अंदाज २०२३ मध्ये लासी-डॅड या देशव्यापी पाहणीतून आला. जीनोम इंडिया प्रकल्पानं १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचले. या दोन प्रकारच्या माहितीची सांगड आपल्या विणकरांच्या, विडी कामगारांच्या वस्त्यांपर्यंत यायला हवी. त्यासाठी आजीची स्मृती तिच्या भाषेत तपासावी लागेल. घरात तेलुगू बोलणाऱ्या बाईला मराठीत वार-तारीख विचारून काढलेला गुण काय कामाचा?

आता त्या मुलीचा प्रश्न. आईला आमवात आहे एवढ्यावरून तिला स्मृतिभ्रंश होईल असं आज कुणीही म्हणू शकत नाही. प्रत्येक सामाईक जागेचा परिणाम छोटा असतो, काहींचा उलट दिशेचा. पैसे भरून घरपोच जनुक-चाचणी मागवल्यानं यात भर पडत नाही. धास्तीपोटी आमवातावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध बंद करणं मात्र खरं नुकसान करतं, सांधे वाकडे होतात आणि शरीरातली सूज वाढते. आणि आजीचं विसरणं ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देऊ नये. तिचं बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावं, कानांनी नीट ऐकू येतं का, मन खचलंय का हे डॉक्टरांना विचारावं. या कारणांनी आलेल्या विसराळूपणावर बऱ्याचदा उपचार होतात, आणि या तपासण्या सोलापुरातच होतात.