‘63 चा टाका’ने आरसीसीबी पडायचा थांबत नाही

आरसीसीबी म्हणजे करंट वाट सोडून जमिनीत गळू लागला की वीज तोडणारा, म्हणजेच ‘पडणारा’, स्विच. पावसाळा लागला की इलेक्ट्रिकच्या दुकानात त्याच्याबद्दल हा संवाद हमखास ऐकू येतो. “आरसीसीबी सारखा पडतोय हो.” “40 चा असेल, 63 चा टाका.” गिऱ्हाईक 63 चा घेऊन जातं आणि तोही पडतो. पडणारच, कारण त्या 63 चा पडण्याशी काही संबंधच नाही.

आरसीसीबीच्या तोंडावर दोन आकडे छापलेले असतात. मोठा आकडा (25, 40, 63 अँपिअर) सांगतो की आतले संपर्क किती करंट कायम वाहू शकतील. लहान आकडा, बहुधा 30 मिलिअँपिअर, हा गळतीचा. पडतो तो या लहान आकड्यावर.

आत काय घडतं ते मला फार आवडतं. फेज (करंट आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) या दोन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यातून जातात. जेवढा करंट गेला तेवढाच परत आला, तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना पुरती खोडून काढतात. ओल्या गिझरमधून किंवा माणसाच्या अंगातून काही करंट जमिनीत गेला, की हिशेब जुळत नाही आणि कड्यात क्षेत्र शिल्लक राहतं. कड्यावर बारीक तारेचे वेढे असतात, त्यांत त्यामुळे इवलासा करंट निर्माण होतो. हा करंट काही स्प्रिंग ओढत नाही, तेवढी ताकद त्यात नसते. स्प्रिंग आधीच ताणलेली असते आणि एका कायमच्या चुंबकाने ती धरून ठेवलेली असते. इवला करंट फक्त त्या चुंबकाची पकड क्षणभर ढिली करतो. बाकीचं काम स्प्रिंगचं. आयएस 12640 या मानकानुसार 30 मिलिअँपिअर गळतीला हे सगळं 300 मिलिसेकंदांत आटोपावं लागतं, गळती पाचपट असेल तर 40 मिलिसेकंदांत.

आता गंमत बघा. डीबीवर (घरातल्या वीजवाटपाच्या पेटीत) 25 चा आरसीसीबी आहे आणि घरात दोन एसी, गिझर, इंडक्शन एकदम चालू झाले. 35 अँपिअर गेले, 35 परत आले, फरक शून्य. आरसीसीबी ढिम्म हलणार नाही, नुसता तापत राहील. त्याला वाचवायला त्याच्या आधी एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) लागतो, आणि आरसीसीबीचा मोठा आकडा त्या एमसीबीपेक्षा कमी असता कामा नये. मंजूर भार 5 किलोवॅट म्हणजे 230 व्होल्टला साधारण 22 अँपिअर; मेन एमसीबी 32 चा असेल तर आरसीसीबी 40 चा पुरे. 63 चा बसवलात तर बिघडत काही नाही, पैसे मात्र जास्त जातील.

बिघडतं ते 30 च्या जागी 100 किंवा 300 मिलिअँपिअरचा बसवल्यावर. पडणं थांबतं खरं, पण 300 चा असतो तो आगीपासून बचावासाठी. माणसाचं हृदय त्याआधीच बंद पडू शकतं. (डीबी आग्नेयेलाच हवी म्हणणारे वास्तुतज्ज्ञ या आकड्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.)

मग वारंवार का पडतो? कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी यांच्या आतल्या विजेच्या फिल्टरमधून (विजेतला गोंगाट गाळणाऱ्या भागातून) दोष नसतानाही थोडा करंट अर्थिंगमध्ये जातच असतो. त्यांची बेरीज 9–10 मिलिअँपिअरवर गेली की वर ओल्या बोर्डाची थोडीशी भर पुरते, कारण 30 चा आरसीसीबी 15 च्या पुढे केव्हाही पडू शकतो. उपाय म्हणजे सर्किटं दोन आरसीसीबींवर वाटणं आणि दोघांचे न्यूट्रल काटेकोर वेगळे ठेवणं. एकाचा न्यूट्रल दुसऱ्याच्या न्यूट्रल जोडायच्या पट्टीवर गेला, तर गळती नसतानाही दोन्ही पडतील.

घेताना प्रकारही बघा. ‘एसी’ प्रकार (इथे एसी म्हणजे थंड हवेचं यंत्र नव्हे) फक्त साध्या प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या करंटच्या, गळतीला ओळखतो, ‘ए’ प्रकार अर्ध्या लहरीच्या स्पंदनांनाही. इन्व्हर्टरवाल्या यंत्रांत अशी गळती होऊ शकते, म्हणून त्यांच्यासाठी निदान ‘ए’ तरी हवा. आणि ‘टी’ (टेस्ट) बटण अधूनमधून दाबत जा. पण लक्षात ठेवा, ते बटण गळती आतल्या आत, एका रोधातून घडवतं. अर्थिंगची तार तुटलेली असली तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडेलच. ती वायरमनकडून वेगळी तपासून घ्यावी लागते.