टास्कबार खाली, मेनू डावीकडं : लिनक्सचा जुन्या वळणाचा डेस्कटॉप अजून का हवाय

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि आमच्या सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानांमधले चांगले चालणारे कॉम्प्युटर अचानक जुने ठरायला लागले, कारण विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि ती बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसते. बाकी मशीनला काही झालेलं नसतंय. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टीम टाकता येते, आणि तिच्या लिनक्स मिंट या तयार संचाला 2 जीबी रॅम चालते, 4 असली की आरामात. पण लिनक्स म्हटलं की समोरचा पहिला विचारतो, आमच्या दिवाणजींना हे जमणार का? आणि हा प्रश्न अगदी बरोबर आहे.

लिनक्समध्ये स्क्रीनवर जे दिसतं ते म्हणजे सिस्टीम नव्हे. आत कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा गाभा असतो, त्याच्यावर खिडक्या दाखवणारा डिस्प्ले सर्व्हर, मग प्रत्येक खिडकीला चौकट आणि बंद करायचं बटण देणारा विंडो मॅनेजर, टास्कबार दाखवणारा पॅनेल, फोल्डर उघडणारा फाइल मॅनेजर, आणि हे सगळे वेगवेगळे प्रोग्रॅम. या सगळ्या दर्शनी भागाच्या संचाला डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट म्हणायचं. एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपमध्ये पॅनेल गंडला तरी उघडलेल्या फाइली तशाच राहतात, पॅनेल तेवढा परत चालू करायचा. एकाच मशीनवर दोन-तीन डेस्कटॉप टाकून लॉगिन करताना हवा तो निवडता पण येतो.

आता 2011 ची गोष्ट. तोवर ग्नोम 2 हा लिनक्सवरचा सवयीचा डेस्कटॉप होता, वर मेनू, खाली उघड्या खिडक्यांची यादी. एप्रिल 2011 मध्ये ग्नोम 3 आला आणि खालची यादी गेली, मिनिमाइझचं बटणसुद्धा गेलं. लोक भडकले. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स काही काळ एक्सएफसीईवर गेले (नंतर ग्नोमवर परत आले ते वेगळं). पण लिनक्सच्या जगात लोक नुसते भडकून थांबले नाहीत. ग्नोम 2 चा कोड खुल्या लायसन्सचा, म्हणजे कुणीही घ्यावा, बदलावा आणि पुढं चालवावा, आणि अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्यानं नेमकं तेच केलं, त्यातून माटे डेस्कटॉप उभा राहिला. नव्या ग्नोमशी भांडण नको म्हणून प्रोग्रॅमची नावं बदलली, नॉटिलसचा काजा झाला, जीएडिटचा प्लुमा. जुना कोड नुसता जपून भागत नाही हेही खरं, खालच्या लायब्ऱ्या, म्हणजे प्रोग्रॅम ज्यावर उभे असतात तो तयार कोड, बदलत राहतात, म्हणून माटेवाल्यांनी 2017 पर्यंत सगळं जीटीके या बटणं-मेनू काढणाऱ्या लायब्ररीच्या आवृत्ती 2 वरून 3 वर आणलं. हे काम कुणाला दिसत नाही, पण माझ्या मते खरं मोठं काम तेच. मिंटवाल्यांनी वेगळी वाट धरली, नव्या ग्नोमचाच पाया घेऊन त्यावर जुन्या वळणाचा सिनॅमन बांधला. एक्सएफसीई तर 1996 पासून चालूच आहे.

हा हट्ट नुसत्या सवयीचा आहे का? नाही. 1954 मध्ये पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मोजून दाखवलं की एखाद्या जागेवर हात नेमका न्यायला लागणारा वेळ तिच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात माउस कितीही जोरात ढकला, तो कडेला अडतोच, म्हणून कोपऱ्यातलं बटण न बघता सापडतं. आणि दुसरं म्हणजे, डोळ्यासमोर नाव असलं की ओळखायचं फक्त असतं, आठवावं लागत नाही.

चुलत्यांच्या दुकानात मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली तेव्हा हे समोर बघितलं. सौदे झाले की दिवाणजी एका वेळी चार-पाच शेतकऱ्यांच्या पट्ट्या (माल विकल्याचे हिशोब) स्प्रेडशीटमध्ये उघडून बसतात, शिवाय बँकेचं पान असतंय, हिशोबाची पीडीएफ असतीय. पॅनेलवर राइट क्लिक करून त्याची उंची वाढवली आणि विंडो बटन्सच्या सेटिंगमध्ये ग्रुपिंग बंद केलं, म्हणजे एका प्रोग्रॅमच्या सगळ्या खिडक्या एकाच आयकॉनखाली दडत नाहीत, प्रत्येक पट्टी स्वतःच्या नावानं खाली दिसते. दिवाणजी म्हणाले, "आता कसं, ज्याची पट्टी त्याचं नाव दिसतंय बघा." मेनूबद्दल तर त्यांनी काही विचारलंच नाही, हात आपोआप कोपऱ्यात गेला.

सध्या या डेस्कटॉपांपुढं मोठं काम आहे ते वेलँडचं, म्हणजे खिडक्या दाखवायच्या नव्या पद्धतीचं. खिडक्या दाखवायची जुनी एक्स यंत्रणा 1984 ची, तिच्यात एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या खिडकीत टाइप होणारं वाचू शकतो, आणि वेलँडमध्ये ते बंद केलंय. पण त्यासाठी विंडो मॅनेजरला डिस्प्ले सर्व्हरचंही काम करावं लागतं, म्हणजे जवळपास नव्यानं लिहिणं आलं. मोठ्या टीम ते लवकर करतात, छोट्यांना वेळ लागतो. डिसेंबर 2024 मधल्या एक्सएफसीई 4.20 मध्ये वेलँड प्रायोगिक म्हणून आलं, दुकानातल्या रोजच्या कामाला मी अजून एक्सच ठेवलंय.