माथेरानची गाडीबंदी आणि हातरिक्षा : पार्श्वभूमी

माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यावर सोडावी लागते. तिथून बाजारपेठ साधारण अडीच-तीन किलोमीटर. तांबडी माती, डोक्यावर झाडी, हॉर्नचा आवाज नाही. मुंबईकराला याचंच अप्रूप. पण वर राहणाऱ्याला किराणा, सिलिंडर, सिमेंट आणि आजारी माणूस हे सगळं याच वाटेने न्यायचं असतं. ऑगस्ट 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. गोष्ट मात्र पावणेदोनशे वर्षांची आहे.

1850मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावच्या पाटलाला बरोबर घेऊन हा डोंगर चढला. त्याने माथेरान ‘शोधलं’ असं छापायची पद्धत आहे. ठाकर, कातकरी, धनगर या रानात आधीपासून होते, पण ते सोडा. पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टनची मर्जी बसली आणि बंगले उठले. साहेबलोक नेरळहून यायचे ते तट्टावर नाहीतर पालखीत, म्हणजे भोयांच्या खांद्यावर. 1907मध्ये पीरभॉय कुटुंबाने सोळा लाख रुपये घालून दोन फुटी रुळांची गाडी वर आणली. पण रेल्वे स्टेशनपर्यंत. तिथून पुढे हॉटेलपर्यंत पुन्हा माणूस नाहीतर घोडा.

हातरिक्षा चालते कशी, ते एकदा नीट बघायला हवं. एक जण पुढे दांड्यात, मागे एक-दोघे. चढाला मागचे ढकलतात. उताराला तेच मागे ओढून धरतात, नाहीतर रिक्षा पुढच्याच्या पाठीवर येते. आत बसलेला बहुतेक वेळा मोबाइलवर झाडांचे फोटो काढत असतो.

गाडीबंदी ब्रिटिश अमलापासूनची. 2003मध्ये केंद्राने माथेरान आणि भोवतालचा सुमारे 215 चौरस किलोमीटर पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, तेव्हा ती आणखी पक्की झाली. झालं ते बरंच झालं. नाहीतर लोणावळ्यासारखी इथेही गाड्यांची रांग लागायला कितीसा वेळ लागला असता? फक्त ही शांतता राखायचं ओझं कोणी उचलायचं, हे ठरवताना गावाला कोणी विचारलं नाही. 2011च्या जनगणनेत इथे साडेचार हजारही माणसं नव्हती. त्यात रेल्वेचा भरवसा नाही. 2005च्या पुरात मार्ग वाहून गेला, 2016मध्ये डबे घसरल्यावर सेवा थांबली, 2019च्या पावसाने पुन्हा नुकसान केलं आणि नेरळपासूनची गाडी सुरू व्हायला ऑक्टोबर 2022 उजाडला. पर्यटकाला ही गैरसोय एका सुट्टीपुरती.

ई-रिक्षाची मागणी गावातूनच आली. एका निवृत्त शिक्षकाने हातरिक्षावाल्यांच्या बाजूने न्यायालयाचं दार ठोठावलं आणि डिसेंबर 2022मध्ये सात ई-रिक्षांची चाचणी झाली. इथून गावात दोन तट पडले. ई-रिक्षा धावायची तर रस्ता हवा, म्हणून मातीचे पेव्हर ब्लॉक आले. त्यावर घोड्यांचे पाय घसरतात, अशी घोडेवाल्यांची तक्रार. पावसात माती वाहून जाते आणि उन्हाळ्यात लिदीची धूळ नाकातोंडात जाते, हे दुसऱ्या बाजूचं म्हणणं. दोन्ही खरं आहे. मार्च 2025मध्ये तर दस्तुरीवर पर्यटकांची फसवणूक होते म्हणून गावानेच बंद पुकारला. धंद्याच्या गावाने आपणहून दुकानं लावून घ्यावीत, यावरून कळा काय ते.

ऑगस्ट 2025चा निकाल देणाऱ्या पीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते. माणसाने माणसाला ओढणं अमानवी आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असंही सरकारला बजावलं. ई-रिक्षा आधी हातरिक्षा ओढणाऱ्यांना, उरल्या तर आदिवासी महिला आणि इतर स्थानिकांना. पेव्हर ब्लॉक दस्तुरी ते शिवाजी महाराज पुतळा एवढ्याच वाटेवर. आतल्या वाटांवर नाहीत. म्हणजे पॉइंटकडे जाणारी वाट घोडेवाल्यांना राहिली, पण दस्तुरी ते बाजार हा त्यांच्या रोजच्या फेऱ्यांचा पट्टा ई-रिक्षाबरोबर वाटून घ्यावा लागणार.