ग्लॅडिएटर आणि सिंह: पत्त्यांवरील चित्रांविषयी एक खुलासा
प्राचीन रोमवर बेतलेल्या पत्त्यांच्या कॅटांत गुलाम किंवा राजा म्हणून शिरस्त्राणधारी ग्लॅडिएटर (रिंगणात प्रेक्षकांसमोर लढणारा योद्धा) सिंहाशी झुंजताना रंगवलेला आढळतो, आणि त्यामुळे ग्लॅडिएटरांचे कामच श्वापदांशी लढण्याचे होते असा समज रूढ झाला आहे. तो बरोबर नाही. ग्लॅडिएटर सामान्यतः माणसाशीच लढत; श्वापदांसाठी ‘वेनातोर’ हे वेगळे प्रशिक्षित शिकारी असत, जे बहुधा जड चिलखताऐवजी साधा अंगरखा घालून भाला चालवत. साम्राज्यकाळात ठरून गेलेल्या क्रमानुसार सकाळी शिकार, मध्यान्ही गुन्हेगारांना देहदंड आणि त्यानंतर ग्लॅडिएटरांच्या लढती होत. लिबियातील झ्लितेन येथील मोझेइकमध्ये (रंगीत तुकडे जोडून केलेल्या चित्रात) हे सारे प्रकार दिसतात, पण निरनिराळ्या प्रसंगांत. इ.स. ८० मध्ये रोममधील कोलोसियम या प्रेक्षागाराच्या उद्घाटनप्रसंगी नऊ हजार प्राणी मारले गेल्याचे रोमन इतिहासकार दिओ कॅसियस सांगतो. हा आकडा फुगवलेला असू शकतो.

प्राण्यांचा खरा धागा हवाच असेल, तर तो नावात सापडतो: ‘मुर्मिल्लो’ या ग्लॅडिएटरांच्या एका प्रकाराचे नाव एका समुद्री माशावरून आल्याचे मानतात. बाकी, रोमनांना पत्ते ठाऊकच नव्हते. युरोपात ते चौदाव्या शतकात पोहोचले.