आधी कागदावरचा स्क्रीन

वडोद्याला ग्रंथालयांची सवय जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतलं, आणि पुढे बडोदा संस्थानातल्या खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. समजा, आज त्याच गावात, दांडिया बाजारातल्या एखाद्या लहानशा मराठी वाचनालयाला देवघेवीसाठी सॉफ्टवेअर करून घ्यायचंय. कार्यकारिणी यादी देते: सभासद नोंदणी, पुस्तकाचा शोध, दंड, मासिक अहवाल. करणारा सहा महिन्यांनी सगळं करून आणतो. यादीतली प्रत्येक गोष्ट चालते, तरी काउंटरवरच्या बाई पुन्हा वही उघडतात.

कारण काउंटरवर जे घडतं ते यादीत नव्हतंच. काका येतात, काकूंच्या कार्डावरची पुस्तकं परत करतात आणि स्वतःच्या कार्डावर सुनेसाठी एक घेऊन जातात. कुणी विचारतं, "यांचं मी काय वाचलेलं नाही?" बाईंना ते पाठ असतं. हाताला वळण पडलेलं काम माणसाला सांगता येत नाही. समोर काहीतरी ठेवलं की मात्र त्यात काय नाही ते तो लगेच दाखवतो.

म्हणून जाणते लोक आधी प्रोटोटाइप करतात, म्हणजे कामचलाऊ नमुना. सगळ्यांत स्वस्त नमुना कागदाचा. कोऱ्या कागदांवर पेन्सिलीनं स्क्रीन काढायचे. बाईंनी कागदावरच्या बटणावर बोट ठेवलं की समोर बसलेल्यानं पुढचा कागद सरकवायचा, संगणक तोच. "हे पुस्तक काकूंच्या नावावर द्या," एवढं सांगून गप्प बसायचं आणि बोट कुठे अडतं ते बघायचं. गप्प बसणं हाच यातला अवघड भाग.

वडोद्यात अशा बैठकीत एक गोष्ट हमखास निघेल. शोधाच्या चौकटीत लेखकाचं नाव लिहायला सांगितलं, तर गुजराती शाळेत शिकलेला तरुण स्वयंसेवक ते गुजराती लिपीत लिहील. पुस्तकांची यादी देवनागरीत, शोध गुजरातीत. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी नावं, म्हणून उत्तर रिकामं. उपाय मात्र सोपा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, या दोन लिप्यांचे तक्ते समांतर मांडलेत. देवनागरी 'क'च्या क्रमांकात ३८४ मिळवले की गुजराती 'क' येतो, 'ळ'चंही तसंच. पहिल्या आठवड्यात कळलं तर दुपारभराचं काम. यादी छापून, शिक्के मारून झाल्यावर कळलं तर डोकेदुखी.

किती जणांना बसवायचं? सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं पडतं याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशेबात एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो. मग तिघांत साधारण ६७ टक्के सापडतात, पाचांत ८४. म्हणजे पंधरा जणांना एकदाच बसवण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्याव्यात आणि मधे दुरुस्ती करावी. पाचही जण कार्यकारिणीतलेच असले, तर हा हिशेब वाया.

नमुना दिसायलाही कच्चाच हवा, असं माझं ठाम मत आहे. रंगीत, गुळगुळीत स्क्रीन दाखवला की आपली माणसं भिडेखातर "छान झालंय हो" म्हणतात. पेन्सिलीच्या रेघांवर मात्र आजोबासुद्धा बिनदिक्कत काट मारतात. शिवाय चकचकीत नमुना पाहून अध्यक्ष म्हणणार, "झालंच की! सोमवारपासून सुरू करू." आत एकही नोंद जपून ठेवायची सोय नसते, हे मग त्यांना पटवायचं कसं?

हे सगळं अलीकडच्या स्टार्टअपवाल्यांचं खूळ नाही. यादी, आराखडा, कोड, चाचणी अशी एकदाच खाली उतरणारी पायऱ्यांची पद्धत ज्यांच्या नावावर खपते, त्या सॉफ्टवेअरतज्ज्ञ विन्स्टन रॉईस यांनी ती मांडणाऱ्या १९७० च्या लेखातच ती धोक्याची असल्याचं लिहिलं होतं. काम नवं असेल तर ग्राहकाच्या हाती पडणारी आवृत्ती दुसरी असावी, आणि ३० महिन्यांच्या कामात पहिल्या नमुन्याला १० महिने द्यावेत, असा त्यांचा सल्ला. लोकांनी लेखातलं पायऱ्यांचं चित्र उचललं, सल्ला तिथेच राहिला. पुढे बॅरी बोहम या सॉफ्टवेअरतज्ज्ञांनी १९८८ मध्ये फेऱ्यांची सर्पिल पद्धत सविस्तर मांडली. तिचं सार असं, की दर फेरीत सगळ्यांत मोठा धोका कोणता ते ठरवायचं आणि आधी त्यालाच हात घालायचा.

वाचनालयाच्या बाबतीत तो धोका बहुधा स्क्रीनमध्ये नसतोच. तो जुन्या दाखल-वह्यांत, म्हणजे संगणकात चढवायच्या पुस्तकांच्या नोंदींत असतो. त्याचाही नमुना करता येतो. वहीची चार पानं घेऊन कुणाला तरी तासभर टाइप करायला बसवावं. तासाला ४० नोंदी झाल्या, तर १२,००० पुस्तकांना ३०० तास लागतील. मग कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत रंग कोणता हवा हे विचारण्याआधी विचारावं, की हे ३०० तास बसणार कोण?