आपल्या नोंदींचा बॅकअप आणि रिस्टोअर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून हिशेबाची व सभासद-नोंदींची प्रणाली घेतलेली कृषी सेवा केंद्रे, जिनिंग, पतसंस्था आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्याकडून आम्हाला वर्षभर एकच प्रश्न विचारला जातो : "आमचा बॅकअप आहे ना?" आजवर आम्ही त्याला "हो" असे उत्तर देत आलो. यापुढे मात्र आम्ही आपल्याला तारीख सांगू, आणि ती बॅकअप, म्हणजे नोंदींची राखीव प्रत, घेतल्याची नसून तो रिस्टोअर करून, म्हणजे त्या प्रतीवरून नोंदी पुन्हा उभ्या करून, पाहिल्याची असेल.

या बदलामागे आमचीच एक चूक आहे. गेल्या वर्षी मृगाच्या पहिल्या पावसात, बियाणे-खतांची विक्री ऐन जोरात असताना, आमच्या एका ग्राहकाकडे विजेचा झटका बसून संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली. बॅकअपची फाइल रोज रात्री वेळेवर तयार होत होती, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. नव्या संगणकावर ती रिस्टोअर केली तेव्हा तारखा, रकमा, पोत्यांचे आकडे सारे जागेवर होते. फक्त उधारीच्या प्रत्येक खात्यावर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी होती. ज्या धंद्यात निम्मा व्यवहार कापूस घरी येईपर्यंतच्या उधारीवर चालतो, तेथे नावाविना रक्कम म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. बिलांच्या कार्बन प्रती आणि जुनी उधारीची वही समोर ठेवून एकेक नाव पुन्हा भरावे लागले.

कारण लहान होते. संगणक अक्षरे ज्या पद्धतीने साठवतो तिला संकेत म्हणतात, आणि मराठीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या संकेतात तीन बाइट (साठवणीची एकके) घेते. आपल्या नोंदी ज्यात साठतात त्या मायएसक्यूएल या डेटाबेस प्रोग्राममधून माहिती उतरवून घेताना आमच्याकडून लॅटिन हा जुना संकेत तसाच राहिला होता, आणि त्या संकेतात देवनागरीला जागाच नसल्याने प्रत्येक चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह लिहिले गेले. अक्षरे नुसती विचित्र, वेडीवाकडी दिसत असतील तर ती बहुधा परत आणता येतात, कारण मूळ बाइट शाबूत असतात. प्रश्नचिन्ह झालेले अक्षर मात्र कायमचे गेलेले असते. मायएसक्यूएलच्या ८.० या आवृत्तीपासून यूटीएफ-८-एमबी-४ (यूटीएफ-८ चाच पूर्ण प्रकार) हाच संकेत मुळात ठरवलेला असतो, परंतु त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये तो लॅटिन असे, आणि आपल्यापैकी अनेकांकडे अजून जुन्याच आवृत्त्या चालू आहेत. आता आम्ही सर्व ठिकाणी यूटीएफ-८-एमबी-४ हा संकेत स्पष्ट लिहून देतो.

बॅकअपमध्ये नेमके काय असते

आपल्या नोंदी दोन ठिकाणी असतात. बिले, खाती, सभासद, येणे-देणे हे डेटाबेसमध्ये असते. काटापट्टीचे फोटो, स्कॅन केलेला सातबारा, पासबुकाची पाने, सह्यांचे नमुने आणि प्रणालीची स्वतःची मांडणी हे साध्या फाइलींच्या रूपात फोल्डरमध्ये असते. डेटाबेसला सातबारा ठाऊक नसतो, त्याला फक्त त्या फाइलीचे नाव ठाऊक असते. म्हणून एकाचाच बॅकअप घेतला तर काम अर्धवट राहते, आणि दोन्ही घ्यायचे तर क्रमालाही महत्त्व आहे. आधी डेटाबेस आणि मग फाइली, असा क्रम आम्ही पाळतो. मधल्या काही मिनिटांत कोणी नवा फोटो चढवला तर एखादी फाइल जास्तीची येईल, आणि तिने काही बिघडत नाही; उलट क्रमाने घेतले तर नोंद असते आणि तिचा कागद मात्र सापडत नाही.

प्रणाली चालू असताना डेटाबेसचे फोल्डर तसेच उचलून पेन ड्राइव्हवर टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती कृपया बंद करावी. काटा हलत असताना वजन लिहून घेतल्यासारखे ते आहे : कॉपी सुरू झाली तेव्हाची काही पाने आणि संपली तेव्हाची काही पाने एकत्र येतात, आणि असा डेटाबेस पुढे उघडेलच याचा भरवसा नसतो. आम्ही मायएसक्यूएल-डम्प या साधनाने एकाच क्षणाचे चित्र पकडून माहिती उतरवतो. त्या वेळी आपल्याला बिल फाडणे थांबवावे लागत नाही. तयार होणारी फाइल साधा मजकूर असते आणि पूर्ण झाली असेल तर तिच्या शेवटच्या ओळीत "डम्प कम्प्लीटेड" असे शब्द आणि तारीख असते. लाईन गेल्याने किंवा डिस्क भरल्याने काम मध्येच तुटले, तर ती ओळ नसते. आमची प्रणाली आता रोज ही ओळ तपासते.

निरोप न आल्यास फोन करावा

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या, प्रोग्रामचा कोड साठवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या अनेक सोयी असूनही रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण उतरवणारे साधन ९.२ या आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ चा होता. बिघाड झाल्याचे ईमेलही पोहोचत नव्हते. योगायोगाने सुमारे सहा तास आधी घेतलेली एक प्रत हाताशी होती, तिच्यावर निभावले. हे सारे त्या कंपनीने स्वतः जाहीर केले, हा त्यांचा मोठेपणा. आमच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची बाब ईमेलची आहे. केवळ बिघाड झाला तरच निरोप पाठवण्याची पद्धत असेल, तर निरोप न येण्याचे दोन अर्थ निघतात : सारे ठीक आहे, किंवा निरोपच अडकला आहे. म्हणून आपल्याला रोज सकाळी बॅकअप यशस्वी झाल्याचा संदेश येईल, आणि ज्या दिवशी तो येणार नाही त्या दिवशी दुपारपर्यंत आपण आम्हाला फोन करावा.

प्रती कोठे आणि किती काळ

एक प्रत आपल्याच संगणकावर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी गावाबाहेरच्या सर्व्हरवर (इंटरनेटने जोडलेल्या संगणकावर), अशी व्यवस्था आहे. बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी; कायम जोडलेली डिस्क विजेच्या झटक्यात संगणकासोबतच जाते, आणि खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस तिलाही सोडत नाही. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली तर ती ठेवूच नये. गूगल ड्राइव्हवर फोल्डर आपोआप जुळते, एवढ्यावर विसंबू नये, कारण येथे पुसलेली फाइल तेथेही पुसली जाते आणि तेथील कचरापेटी ३० दिवसांनी रिकामी होते. तिसरी प्रत दूर ठेवण्याचे कारण विचारणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर (सर्व्हर ठेवण्याची इमारत) जळाले, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांच्यापैकी अनेकांना काहीच परत मिळाले नाही.

रोजच्या सात, आठवड्याच्या चार आणि महिन्याच्या बारा प्रती आम्ही राखतो. चूक त्याच दिवशी लक्षात येतेच असे नाही. पुसले गेलेले खाते पुष्कळदा मार्चअखेरीस ताळा जुळवतानाच सापडते. वर्षअखेरीची प्रत त्याहून दीर्घकाळ ठेवली जाते, कारण जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : आपल्या कंपन्या कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत, आणि २०२२ मधील नियमदुरुस्तीनुसार संगणकीय हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे आवश्यक आहे. आमचा तिसरा सर्व्हर भारतातच आहे.

रिस्टोअर कसे केले जाते

बिघाड झाल्यास आपण स्वतः काहीही पुसू नये व पुन्हा इन्स्टॉल करू नये. आम्ही प्रथम बिघडलेल्या स्थितीचीच एक प्रत घेतो, कारण त्यात शेवटच्या बॅकअपनंतरच्या काही नोंदी शिल्लक असू शकतात. नंतर बॅकअप वेगळ्या जागी भरला जातो, चालू डेटाबेसवर नव्हे. ब्राउझरमधून फाइल चढवून हे काम करू नये. अशी फाइल स्वीकारणाऱ्या पीएचपी या प्रोग्रामची मूळची मर्यादा २ एमबीची असते आणि मोठी फाइल तेथेच अडते. शेवटचा बिल क्रमांक, रोख शिल्लक, दहा खात्यांची मराठी नावे आणि तीन-चार स्कॅन केलेले कागद आपल्यासमोर उघडून पाहिल्यावरच ती प्रणाली वापरात दिली जाते. बॅकअप रात्री अकराला झाला आणि बिघाड दुसऱ्या दिवशी दुपारी चारला झाला, तर मधली बिले पुन्हा भरावी लागतात, म्हणून त्या दिवसाच्या कार्बन प्रती दुसऱ्या सकाळी बॅकअप यशस्वी झाल्याचा संदेश येईपर्यंत जपून ठेवाव्यात. हंगामात आम्ही दुपारीही एक बॅकअप घेतो.

हीच तपासणी आम्ही वर्षातून दोनदा बिघाड नसतानाही करू : पोळा झाल्यावर कापसाची आवक सुरू होण्यापूर्वी, आणि मार्चचे हिशेब बंद झाल्यावर. वार्षिक देखभाल करारात ती धरलेली आहे. आपला एक माणूस तासभर सोबत द्यावा.

बॅकअपमध्ये शेतकऱ्यांचे आधार क्रमांक व बँक खाती असल्यामुळे प्रत्येक प्रत पासवर्डने कुलूपबंद असते. तो पासवर्ड हरवल्यास ती प्रत आम्हालाही उघडता येत नाही. तो बंद पाकिटात या पत्रकासोबत दिला आहे. पाकीट संगणकाच्या टेबलात न ठेवता तिजोरीत ठेवावे आणि मिळाल्याची सही आमच्या प्रतिनिधीच्या वहीत करावी.