नाताळकाळातील प्रार्थना व चिंतन (गोवा)

गोव्यातील कॅथलिक समाजात आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या सुमारे चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारपासून येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालणारा उपासनेचा क्रम. पर्यटकाला गोव्याचा नाताळ २५ डिसेंबरची रोषणाई आणि ३१ ची रात्र एवढाच दिसतो. इगर्जेच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांगात तो साधारण सहा आठवड्यांचा आहे, आणि त्यातला मोठा भाग वाट पाहण्यातच जातो.

आगमनकाळाचे रविवार चार. दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. तीन जांभळ्या, तिसऱ्या रविवारची गुलाबी. या दिवसांत मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य सामूहिक उपासनेत) ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगान म्हणत नाहीत. गोव्यात ही शांतता अखंड राहणे मात्र कठीण, कारण ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त (सण) असते आणि ८ डिसेंबरला पणजीच्या इगर्जेचे. तरीही नाताळ जवळ आला की कुमसारासाठी, म्हणजे पापांची कबुली देण्यासाठी, रांगा लागतात. वर्षाचा खरा हिशेब तिथे होतो, ३१ डिसेंबरची वाट न पाहता. घरी संध्याकाळी तेर्स म्हणतात (जपमाळेची प्रार्थना), आणि ती संपली की मुले हात जोडून थोरांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात. येशूजन्माच्या देखाव्यासाठी मांडायच्या गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी याच दिवसांत रुजत घालतात. नवरात्रात घटापाशी धान्य पेरणाऱ्या घराला ही वाट पाहणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

२४ च्या रात्रीच्या मिस्सेला जुनी माणसे अजून ‘मिसा द गाल’, कोंबड्याची मिस्सा, म्हणतात. गर्दी इगर्जेत मावत नाही म्हणून ती बहुधा पटांगणात उघड्यावर होते. अनेक ठिकाणी आता मध्यरात्रीच्या बरीच आधी सुरू होते. अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला, हे यशया संदेष्ट्याचे वचन वाचले जाते, चार आठवडे थांबलेला ग्लोरिया घंटांसह परत येतो, बाळ येशूची मूर्ती गोठ्यात ठेवतात आणि शेवटी लोक रांगेने तिचे चुंबन घेतात.

ही उपासना आज मुख्यतः कोकणीत चालते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) मिस्सा लॅटिनमध्ये होई. पण त्याच्या कितीतरी आधी ख्रिस्तजन्माची कथा गोव्यात मराठी ओवीत गायली गेली आहे, हे मराठी वाचकाने विसरू नये. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ इगर्जांतून वाचला जाई. धर्मांतरामुळे जुनी पुराणे ज्यांच्या हातून सुटली होती, त्यांना पुराणाची गोडी त्यांच्याच छंदात परत मिळाली. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेऐवजी पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले. त्या पार्श्वभूमीवर हा ग्रंथ अधिकच मोलाचा वाटतो.

नाताळानंतर आठ दिवस तोच सण मानतात. घरोघर कोंसवादाची, म्हणजे नाताळच्या फराळाची, ताटे फिरतात. नेवऱ्या, दोदोल, बेबिंका हिंदू शेजाऱ्यांकडेही जातात. चवथीला तिकडून फराळ आलेला असतोच. ३१ डिसेंबरच्या दिवसाचे शुभवर्तमान (येशूचरित्रातले वाचन) योहानाचे असते, ‘प्रारंभी शब्द होता’ असे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी प्रारंभाचे वाचन, ही योजना फार अर्थपूर्ण आहे. संध्याकाळी इगर्जेत आभाराची मिस्सा होते आणि ‘ते देऊम’ हे प्राचीन स्तोत्र म्हणतात. बाहेर त्याच रात्री मुलांनी बनवलेला ‘ओल्ड मॅन’चा, म्हणजे सरत्या वर्षाचा, पुतळा जाळतात.

१ जानेवारी हा देवमाता मरियेचा सण; १९६८ पासून तो जागतिक शांतिदिनही आहे. त्या दिवशी बायबलमधला, अहरोन याजकाने इस्राएलला द्यायचा आशीर्वाद वाचतात. म्हणजे वर्षाची सुरुवात संकल्पाने न होता बेसांवाने होते. पाठोपाठ लूकच्या शुभवर्तमानातले वचन येते: मेंढपाळांनी सांगितलेले सारे मरियेने अंतःकरणात जपून ठेवले व त्यांवर मनन केले. नाताळातल्या चिंतनाचा नमुना गोव्यातले भाविक इथेच शोधतात. गोठ्यापुढे गप्प बसलेल्या आजीला तो कुणी शिकवलेला नसतो.

६ जानेवारीला बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचे फेस्त. कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतला एकेक मुलगा राजा होऊन घोड्यावरून, वेगवेगळ्या वाटांनी, डोंगरावरच्या कपेलाकडे (छोट्या प्रार्थनामंदिराकडे) जातो. चांदर आणि रेईश मागूश येथेही हा सण होतो; रेईश मागूशची १५५५ मधली इगर्ज तर याच राजांच्या नावाची. पुढे येशूच्या बाप्तिस्म्याचा सण आला की नाताळकाळ संपतो आणि गोठे उतरवले जातात. त्यांतली नाचणी तोवर पिवळी पडलेली असते.